मॅक्लिंटॉकबाईंची चिकाटी

हयातभर उपेक्षा आणि उतारवयात जयजयकार, असा घाट ज्या चरित्राला लाभतो ते चरित्र सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखेच प्रिय होते. कारण सांगणाऱ्याला त्यात नाट्य सापडते, आणि ऐकणाऱ्याला, आपल्यालाही एके दिवशी न्याय मिळेल, असा दिलासा. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे चरित्र गेली चाळीस वर्षे याच घाटात सांगितले जात आहे. मक्याच्या शेतात एकटीने राबणाऱ्या या विदुषीने १९५१ साली असे प्रतिपादन केले की, गुणसूत्रांवरील काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात; विद्वत्सभेने ते हसण्यावारी नेले; विदुषी मौन धरून आपल्या शेतात परतली; आणि ३२ वर्षांनी, वयाच्या ८१ व्या वर्षी, नोबेल पारितोषिक तिला एकटीला, कोणाशीही वाटून न घेता, देऊन जगाने आपल्या अपराधाचे क्षालन केले.

या कथेतील बहुतेक घटना खऱ्या आहेत, आणि तरीही सगळी कथा मिळून मला दिशाभूल करणारी वाटते. तिच्यामुळे चिकाटी या गुणासंबंधीची आपली कल्पनाच बिघडते. जगाने नाही म्हटले तरी आपलेच खरे धरून बसणे आणि अखेर खरे ठरणे, म्हणजे चिकाटी, असे ही कथा शिकवते. परंतु खरे ठरणे ही गोष्ट चिकाटीच्या हातची नाही. जगाने नाकारलेले, आणि नाकारण्याच्याच लायकीचे असलेले, सिद्धांत उराशी धरून आयुष्य वेचलेली माणसे काही थोडीथोडकी नाहीत. त्यांचा निर्धार कमी नव्हता, त्यांचे कष्ट कमी नव्हते, आणि एकटेपण तर बहुधा जास्तच होते. निकाल बाजूने लागला तर चिकाटी आणि विरुद्ध गेला तर हटवादीपणा, एवढाच जर भेद असेल, तर चिकाटी हा गुण न राहता सोडतीत लागलेला आकडा ठरेल. तेव्हा निकाल क्षणभर बाजूला ठेवून बाईंनी प्रत्यक्षात केले काय, आणि ते त्यांना करता आले कशाच्या आधारावर, हे पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला आणि बालपण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेले. मुलगी फार शिकली तर तिला स्थळ मिळणार नाही, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांना परिचित असलेली धास्ती त्यांच्या आईलाही होती. लष्करातील डॉक्टरकी आटोपून फ्रान्सहून परतलेल्या वडिलांनी मुलीची बाजू घेतली, म्हणून १९१९ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल होऊ शकले. १९२७ साली वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट पदरात पडेपर्यंत त्यांना आपले क्षेत्र सापडले होते. मक्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास इमर्सन यांच्या नेतृत्वाखाली कॉर्नेलमध्ये जोरात चालू होता, पण तो अभ्यास होता शेतातला: कोणत्या संकरातून कोणत्या रंगाचे, कोणत्या पोताचे दाणे किती निघतात याचा हिशेब. पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून त्या हिशेबाशी जोडण्याचे काम बाईंनी अंगावर घेतले. मक्याच्या दहाही गुणसूत्रांना लांबी, आकार आणि त्यांवरील गाठी यांवरून त्यांनी वेगवेगळे ओळखले. १९३१ साली हॅरिएट क्राइटन या विद्यार्थिनीच्या सहकार्याने त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने तर अनुवंशशास्त्रातील एक जुने अनुमान पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवले. नवव्या गुणसूत्राच्या एका जागी गडद गाठ आणि दुसऱ्या जागी परक्या गुणसूत्राचा जोडला गेलेला तुकडा, अशा दोन खुणा असलेली रोपे त्यांनी निवडली. आणि दाण्याचा रंग व त्यातील पिठाचा मेणचटपणा या गुणांची जेथे नवी जोडी जुळली, तेथे गाठ आणि तुकडा यांचीही नवी जोडी जुळलेली असते, हे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडले. गुणांची अदलाबदल आणि गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल या दोन घटना नसून एकच घटना आहे, हा त्याचा अर्थ. हाच पुरावा कर्ट स्टर्न यांनी फळमाशीवरून दिला तो त्यानंतर. त्या वेळी बाईंचे वय २९ होते.

उपेक्षितेची कारकीर्द अशी नसते. १९४४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले; त्यांच्यापूर्वी हा मान अवघ्या दोन स्त्रियांना मिळाला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन अनुवंशशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. म्हणजे १९५१ च्या त्या सुप्रसिद्ध व्याख्यानासाठी ज्या उभ्या राहिल्या, त्या कोणी अडगळीतल्या संशोधिका नव्हत्या. सभेतल्या कित्येकांपेक्षा त्यांचा अधिकार मोठा होता.

मग उपेक्षा झालीच नाही काय? झाली, परंतु ती सिद्धांताची नव्हे, नोकरीची, आणि ती १९५१ च्या नंतर नव्हे, पुष्कळ आधी. गौरवग्रंथांना या भागाचे फारसे आकर्षण नसते, कारण त्यात नाट्य नाही. त्यात आहेत मुदतीच्या शिष्यवृत्त्या, अर्ज, शिफारसपत्रे आणि मुदतवाढी. स्त्रीला प्राध्यापकपदी नेमण्याची कॉर्नेलच्या बहुतेक विभागांत रीतच नव्हती. ज्यांच्याबरोबर त्यांनी मक्याच्या ओळींत उभे राहून काम केले, ते बीडल आणि ऱ्होड्स यथाकाल आपापल्या पदांवर स्थिरावले, आणि १९३१ चा तो निबंध लिहिणारी बाई एका शिष्यवृत्तीवरून दुसरीवर, मिसुरीहून कॅलिफोर्नियाला, आणि १९३३ साली गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर जर्मनीला जात राहिली. नुकत्याच सत्तेवर आलेल्या नाझींच्या जर्मनीतून त्या विषण्ण होऊन परतल्या. १९३६ साली स्टॅडलर यांच्या खटपटीने मिसुरी विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली; तुटलेल्या गुणसूत्रांची टोके एकमेकांना जुळतात, पेशीविभाजनात पुन्हा तुटतात आणि पुन्हा जुळतात, हे चक्र त्यांनी तेथेच उलगडले. तरी बढतीची आशा दिसेना, तेव्हा १९४१ साली त्या जागेवरही त्यांनी पाणी सोडले. अकादमीच्या निवडीनंतर एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे ते असे की, ज्यू, स्त्रिया आणि निग्रो यांना भेदभावाची सवय असते, त्यांची अपेक्षाही फार नसते. आपण स्त्रीवादी नाही, पण असमंजस कुंपणे मोडली की आपल्याला समाधान वाटते. या वाक्यांत कडवटपणा नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. असता तर तो समर्थनीय ठरला असता.

१९४१ च्या अखेरीस लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे, कार्नेगी संस्थेच्या अनुवंशशास्त्र विभागात, मिलिस्लाव डेमेरेक यांनी त्यांना तात्पुरती नेमणूक दिली, आणि १९४३ साली ती कायम झाली. शिकवण्याचे तास नाहीत, समित्या नाहीत, पुढील अनुदानासाठी तगादे नाहीत. एक तुकडा शेत, एक सूक्ष्मदर्शक, वर्षाकाठी एक अहवाल. बाईंच्या पुढच्या सर्व कार्याचा पाया हा हुकूमनामा आहे, असे माझे मत आहे.

आता त्या शेतात काय चालत असे ते पाहू. मक्याचे कणीस हे अनुवंशशास्त्राचे आपोआप लिहिले जाणारे दप्तर आहे. झाडाच्या शेंड्यावरच्या तुऱ्यात पराग आणि खालच्या कणसातून लोंबणाऱ्या केसांत स्त्रीबीजाकडे जाण्याची वाट, अशी नर-मादी अंगे वेगळी असल्यामुळे, दोन्हींवर वेळीच कागदी पिशव्या बांधून कोणत्या झाडाचा पराग कोणत्या कणसावर घालायचा हे मनुष्याला ठरवता येते. आणि प्रत्येक दाणा हा स्वतंत्र परागकणाचे अपत्य असल्यामुळे एका कणसावर शेकडो प्रयोगांचे निकाल ओळीने मांडून मिळतात. पण हे दप्तर सावकाश लिहिले जाते. शेतातला हंगाम वर्षातून एकच. म्हणून ज्याला उतावीळपणा आहे त्याने फळमाशीकडे किंवा जीवाणूकडे जावे, आणि त्या काळातले बहुतेक हुशार तरुण तसे गेलेही.

१९४४ च्या उन्हाळ्यात बाईंनी ज्या झाडांच्या नवव्या गुणसूत्राचे टोक तुटलेले होते अशी झाडे स्वतःच्याच परागाने फळवली. त्यांच्या संततीत त्यांना काही विलक्षण दिसले. रोपांच्या पानांवर आणि दाण्यांवर रंगांचे ठिपके आणि पट्टे होते, आणि ते वाटेल तसे पसरलेले नव्हते. प्रत्येक रोपाची ठिपक्यांची एक ठरावीक चाल होती. एखाद्या रोपात ती चाल मध्येच बदललेली दिसे, आणि बदललेल्या पट्ट्याला खेटूनच त्याचा जोडीदार पट्टा असे: एकात ठिपके दाट, दुसऱ्यात विरळ. एकाच पेशीपासून निघालेल्या दोन भगिनी पेशींपैकी एकीने जे गमावले तेच दुसरीने मिळवले असले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले. हा सारा प्रकार कारकुनी नजरेने पाहणाऱ्याला रोगट झाडांचा गोंधळ वाटला असता, आणि त्याने ती कणसे फेकून दिली असती. त्याचे ते करणे शास्त्रीय शिस्तीत बसलेही असते.

त्या गोंधळाचा छडा लावण्यात सहा उन्हाळे गेले. निष्कर्ष असा की, नवव्या गुणसूत्रावर एका जागी एक घटक आहे, ज्याच्यापाशी गुणसूत्र तुटते. त्यांनी त्याला डीएस असे नाव दिले. तो स्वतःहून काही करीत नाही. एसी नावाचा दुसरा घटक पेशीत कोठेही असला तरच तो जागा होतो. आणि हे दोन्ही घटक स्थलांतर करतात. दाण्याला जांभळा रंग देणाऱ्या जनुकात डीएस जाऊन बसला की रंग बंद होतो व दाणा फिका राहतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो निघून गेला की त्या पेशीच्या सर्व वंशजांत रंग परत येतो, आणि फिक्या दाण्यावर जांभळा ठिपका उमटतो. ठिपका मोठा, तर डीएस लवकर गेला. लहान, तर उशिरा. शिवाय दाण्यातील पिठूळ भागात मातेकडून दोन आणि पित्याकडून एक असे प्रत्येक गुणसूत्राचे तीन संच असल्याने, एसीचे एक, दोन किंवा तीन हप्ते देऊन काय होते हे बाईंना पाहता आले: हप्ते वाढले की स्थलांतराची वेळ पुढे ढकलली जाते आणि ठिपके बारीक होतात. म्हणजे नुसत्या दाण्याकडे पाहून, ज्या पेशी आता अस्तित्वात नाहीत त्यांच्यात कोणत्या क्षणी काय घडले याचा जबाब त्या घेऊ शकत होत्या. जनुकाची रासायनिक रचना कोणालाच ठाऊक नसताना हे केले गेले. डीएनएच्या दुपेडी रचनेचा शोध १९५३ सालचा.

ही चिकाटी म्हणजे विरोधापुढे छाती काढून उभे राहणे नव्हे, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. त्या वेळी विरोध करायला कोणी नव्हतेच, कारण बाई काय पाहत आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते. विरोध होता तो दाण्यांचा. एखादे अनुमान बांधावे आणि पुढच्या उन्हाळ्याच्या कणसांनी ते मोडावे, पुन्हा संकर करावा आणि पुन्हा वर्ष थांबावे, हीच येथे कसोटी होती. हट्टी मनुष्य आपल्या म्हणण्याला चिकटून राहतो. त्या चिकटून राहिल्या होत्या समोरच्या वस्तूला, आणि वस्तूने नकार दिला की म्हणणे सोडून देण्याची त्यांची तयारी होती. हा भेद मला निर्णायक वाटतो. एव्हलिन फॉक्स केलर यांनी १९८३ साली, नोबेलच्या थोडे आधी, प्रसिद्ध केलेल्या चरित्रात बाईंच्या झाडांविषयीच्या आत्मीयतेवर फार भर दिला, आणि त्यामुळे कित्येकांनी त्यांना अंतर्ज्ञानी योगिनी करून टाकले. आत्मीयता होती यात शंका नाही. परंतु मोजदाद, नोंदी आणि नियंत्रित संकर यांवाचून नुसत्या आत्मीयतेने एसी सापडला नसता.

आता १९५१ च्या उन्हाळ्यातील परिषदेकडे वळू. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या त्या वार्षिक परिषदेत बाईंनी आपले निष्कर्ष मांडले, आणि श्रोतृवर्गाने त्यांचे थंड्या मौनाने स्वागत केले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. परंतु न पटले ते काय? इतिहासकार नॅथॅनियल कम्फर्ट यांनी बाईंची टिपणे आणि पत्रव्यवहार तपासून २००१ साली ग्रंथ लिहिला, आणि रूढ कथेला त्यातून जी हरकत निघाली ती मला सबळ वाटते. घटक जागा बदलतात हे मक्यावर काम करणाऱ्यांनी फारशा खळखळीवाचून मान्य केले. ब्रिंक यांनी विस्कॉन्सिनमध्ये आणि पीटरसन यांनीही त्याच दशकाच्या आरंभी तसेच घटक आपल्या मक्यात दाखवून दिले. लोकांना पचले नाही ते बाईंचे पुढचे पाऊल. त्यांच्या दृष्टीने स्थलांतर ही गौण गोष्ट होती. मुख्य गोष्ट ही की, हे घटक जनुकांचे नियामक आहेत. शरीराच्या सर्व पेशींत तीच जनुके असूनही एक पेशी पान होते आणि दुसरी मूळ, याचे कारण नियामक घटकांच्या या सुनियोजित हालचालींत आहे. १९५३ साली त्यांनी पुन्हा एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला; त्याचीही फारशी दखल घेतली गेली नाही, तेव्हा नामांकित नियतकालिकांत या विषयावर लिहिणे त्यांनी जवळजवळ थांबवले.

थांबवले ते लिहिणे, काम नव्हे. कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांत त्यांची टिपणे बिनबोभाट येत राहिली. १९५७ पासून दक्षिण व मध्य अमेरिकेतील मक्याच्या देशी जातींच्या गुणसूत्रांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, आणि गुणसूत्रांवरील गाठींच्या आधारे मनुष्याने हे पीक कोठून कोठे नेले याचा माग काढला. ते काम दोन सहकाऱ्यांसह ग्रंथरूपाने आले ते १९८१ मध्ये. त्या अभ्यासाचा नोबेलशी काही संबंध नाही, म्हणून लोकप्रिय चरित्रांत त्याला चार ओळी मिळतात. मला मात्र चिकाटीचा तो अधिक शुद्ध नमुना वाटतो, कारण त्याच्या टोकाला कोणताच विजय बसलेला नव्हता. १९६१ साली जेकब आणि मोनो यांनी जीवाणूंतील जनुकांचे नियमन कसे होते हे दाखवले, तेव्हा बाईंनी लगोलग निबंध लिहून मका आणि जीवाणू यांतील साम्ये पुढे मांडली. १९६० च्या दशकाअखेरीस जीवाणूंतही उड्या मारणारे घटक सापडले, मग फळमाशीत, मग सर्वत्र; आणि मग सर्वांना त्या मक्याची आठवण झाली. आज आपल्याला ठाऊक आहे की मक्याच्या एकूण जनुकद्रव्याचा सुमारे ८५ टक्के भाग असल्या घटकांचा आहे, आणि मनुष्याच्या बाबतीतही तो निम्म्याच्या आसपास भरतो.

येथे जे प्रतिकूल आहे तेही सांगितले पाहिजे. ज्या सिद्धांताला बाई आपला मुख्य शोध मानत, तो त्यांनी मांडला त्या रूपात टिकला नाही. जनुकांचे नियमन होते हे खरे; अशा घटकांचे अवशेष काही ठिकाणी त्या नियमनात उपयोगी पडलेले आढळतात हेही खरे; परंतु पेशींची वाटणी पाने, मुळे आणि फुले यांत होते ती घटकांच्या नियोजित स्थलांतरामुळे नव्हे. सभेतले सगळेच मौन अज्ञानाचे नव्हते; त्यात रास्त संशयाचाही वाटा होता. आणि त्यामुळे बाईंची योग्यता कमी होत नाही, हेच तर माझे म्हणणे आहे. ज्या पद्धतीने त्यांनी खरे ते शोधले, त्याच पद्धतीने त्या चुकीच्या ठिकाणीही गेल्या. पद्धत दोन्हीकडे तितकीच प्रामाणिक होती.

आणि अशी पद्धत चालवायला आधार कशाचा लागतो, याबाबत आपल्याकडचा एक दाखला आठवतो. बाईंहून पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या, तेल्लिचेरी येथे १८९७ साली जन्मलेल्या जानकी अम्मल यांनी मिशिगनची डॉक्टरेट १९३१ मध्ये मिळवली, आणि १९३४ पासून पाच वर्षे त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात गुणसूत्रतज्ज्ञ म्हणून होत्या; आपल्या बागायतदारांना जिथले ‘को’ वाण तोंडपाठ असतात, तेच हे केंद्र. उसाचे दूरच्या गवतांशी संकर करण्याचे त्यांचे काम असामान्य होते. पण तेथे त्यांना एकटेपणाच वाट्याला आला. पुढे इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन यांच्यासमवेत लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा १९४५ सालचा कोश, मग नेहरूंच्या आमंत्रणावरून स्वदेशी पुनरागमन, मग अलाहाबाद, जम्मू, काही काळ मुंबईजवळचे तुर्भे, आणि अखेर मद्रास. निर्धारात त्या मॅक्लिंटॉकबाईंना तिळमात्र उण्या नव्हत्या. उणे होते ते कोल्ड स्प्रिंग हार्बरचे: एकच पीक, एकच शेत आणि पन्नास वर्षे कोणी उठवणार नाही अशी जागा. त्यांच्या कार्याला रुंदी आली, पण एकाच प्रश्नाच्या तळाशी जाण्याइतकी सलगता त्यांना कोणी दिली नाही. एकीच्या चिकाटीचे सिद्धीत रूपांतर झाले आणि दुसरीची गावोगाव विखुरली गेली, याचे कारण त्या दोघींच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी दोघींच्या नेमणुकांचे कागद आधी पाहावेत.

१९८३ च्या नोबेलचे मानपत्र बाईंना मिळाले ते जंगम जनुकीय घटकांच्या शोधाबद्दल. ज्या नियमनाच्या सिद्धांताला त्या स्वतः अधिक महत्त्व देत, त्याचा त्यात उल्लेख नाही. हा निवाडा मला न्याय्य वाटतो. पण आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलींपुढे हे चरित्र ठेवणाऱ्या शिक्षकांना आणि लेखकांना एक विनंती करावीशी वाटते: १९५१ चे मौन आणि १९८३ चा जयघोष यांच्या जोडीला आणखी दोन साले फळ्यावर लिहावीत. बाईंची डॉक्टरेट १९२७ ची आहे, आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरची कायम नेमणूक १९४३ ची.